बोट काळ्या यादीत गेली, तर खलाशाचं काय?

अमेरिका किंवा युरोपीय संघ एखाद्या टँकरचं नाव निर्बंधांच्या यादीत टाकतो, तेव्हा मालक कागदावरची कंपनी बदलून मोकळा होतो. विमा कंपनी हात काढते, बँक पैसे अडवते, बंदर आत घेत नाही. कधी झेंडा देणारा देश नोंदणीच रद्द करतो. बोटीवर अडकतात ती गुहागर, श्रीवर्धन, रत्नागिरीची पोरं.

त्यांचे हक्क यादीत जात नाहीत. निर्बंध लादणाऱ्यानेही सामान्य माणसाचं अन्न, औषध, आरोग्य जपलंच पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समितीने १९९७ सालीच स्पष्ट केलं. सुरक्षा परिषदेने २०२२ च्या ठराव २६६४ ने मानवतावादी मदतीला मालमत्ता गोठवण्यातून सूट दिली, पण ती परिषदेच्या स्वतःच्या निर्बंधांपुरती. एकेकट्या देशांच्या यादीला ती लागू नाही. माझ्या मते खरी भेग इथेच आहे.

खलाशाचा आधार म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार. दोन महिने पगार थकला, किंवा जेवणपाणी तुटलं, तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात. मग मालकाच्या आर्थिक हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवण आणि घरी परतायचा खर्च मिळायला हवा. हमीचा दाखला बोटीवर सर्वांना दिसेल असा लावलेला असतो. त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. हमी मुदतीआधी बंद करायची तर विमा कंपनीला झेंड्याच्या देशाला किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. त्यानंतर हमी संपू शकते, म्हणून "पुढच्या बंदरात पगार देतो" या एजंटच्या बोलण्यावर थांबू नका. चार महिन्यांपलीकडची थकबाकी मालकाकडून किंवा बोट विकून वसूल करावी लागते, आणि यादीतल्या बोटीला गिऱ्हाईक मिळणं कठीण.

सही करण्याआधी बोटीचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे बोटीचा कायमचा ओळख क्रमांक, मागा. नाव बदललं तरी तो बदलत नाही. इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर तो टाकून जुनी नावं, झेंडे, मालक पाहा. वरचेवर झेंडा बदललेली जुनी टँकर असेल तर नकार द्या. एजंटचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या यादीत तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे मागणं बेकायदेशीर आहे.

करारपत्र, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) आणि आयएमओ क्रमांकाची प्रत घरी ठेवा. फोन बंद झाला, तर महासंचालनालयाकडे तक्रार घरच्यांनाच करावी लागते.