मेक्सिको सिटी: तळं आटवलं, पाणी विकत

मेक्सिको सिटीत भाचीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी बॅगा चढवता चढवता मी दोनदा टेकलो. शहर २,२४० मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ सहाशे मीटर उंच. "मामा, सुरुवातीला सगळ्यांनाच धाप लागते," भाची म्हणाली. बायको नुसती हसली.

गच्चीवरून पोपोकातेपेत्ल दिसतो असं भाचीने सांगितलं होतं. मे महिना, आभाळात ढग नाही, आणि ५,४२६ मीटरचा ज्वालामुखी गायब! समोर नुसता पिवळट धुरकटपणा. सगळा दोष गाड्यांच्या माथी मारून भागत नाही. शहर परातीसारखं आहे. तळ सपाट, कडेने डोंगर, त्यामुळे वाऱ्याला वाट नाही. हवा विरळ, म्हणून इंजिनात इंधन नीट जळत नाही, आणि ऊन इतकं कडक की त्याच धुरापासून ओझोन हा श्वासाला घातक वायू तयार होतो. हिवाळ्यात तर पहाटेची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि ऊन चढेपर्यंत धूर जागचा हलत नाही. १९८९पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम आहे. तळमजल्यावरच्या आजींच्या जुन्या गाडीला गुलाबी स्टिकर, म्हणून मंगळवारी ती दारातच. ज्यांना परवडलं त्यांनी दुसऱ्या आकड्याची आणखी एक गाडी घेतली, हेही ओघाने आलंच.

पण मी चक्रावलो ते पाण्याने. या खोऱ्यातून बाहेर पडणारी एकही नदी मुळात नव्हती. पाऊस पडायचा, तळी भरायची. तेश्कोको तळ्यातल्या बेटावर अझ्टेक लोकांनी तेनोच्तित्लान, म्हणजे आजच्या शहराचं मूळ, वसवलं. १५२१मध्ये ते स्पॅनिशांनी जिंकलं आणि पुढे तळंच हटवायच्या मागे लागले. १६२९चा पूर सुमारे पाच वर्षं ओसरला नाही, तरी राजधानी हलली नाही. कालवे, बोगदे खणून शेवटी तळी आटवली. उरला पाण्याने फुगलेला गाळ, आणि त्यावर शहर. आता पिण्यासाठी खालचंच पाणी उपसतात. गाळ आक्रसतो, जमीन खचते, काही भागांत वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत.

रिफॉर्मा रस्त्यावरचा स्वातंत्र्यस्तंभ १९१०चा. तो जागेवर राहिला, भोवतालची जमीन खाली गेली, म्हणून १४ पायऱ्या मागाहून जोडाव्या लागल्या. कॅथेड्रलमध्ये घुमटातून एक मोठा ओळंबा टांगलाय, गवंड्याकडे असतो तसलाच. इमारत कलत गेली तसं त्याचं टोक कुठून कुठे सरकलं, याच्या खुणा खाली फरशीवर आहेत. बायको सोनेरी वेदी बघून परत आली तरी मी तिथेच.

कमाल मात्र १९००मध्ये पुऱ्या झालेल्या मोठ्या कालव्याची. सांडपाणी उताराने आपसूक जावं म्हणून तो खणला. शहर खचलं, उतारच मोडला, पंप बसवावे लागले. दुसरीकडे डोंगरापलीकडच्या, खालच्या पातळीवरच्या कुत्सामालाच्या धरणांतलं पिण्याचं पाणी हजार मीटरहून जास्त चढवून आणायचं. म्हणजे येतानाही पंप, जातानाही पंप!

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी धो धो पाऊस झाला. रस्त्यावर घोटाभर पाणी. ते गटारांत उतरणार आणि बोगद्यांतून डोंगरापलीकडे हिदाल्गो राज्यात जाणार. २०१९मध्ये सुरू झालेला नवा बोगदा तर ६२ किलोमीटरचा आहे. जिन्यात आजी फोनवर टँकरवाल्याशी हुज्जत घालत होत्या. गच्चीवरच्या टाकीत चार दिवस पाणी चढलं नव्हतं.