४ टीबीची डिस्क आणि त्यातले गायब झालेले २.२ टीबी

सांगलीच्या गावभागात आमचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, बारशी ही पोटापाण्याची कामं. पण मी आणि ह्यांनी जीव लावून शूट केली ती हौशी संघांची नाटकं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं आणि खालच्या कप्प्यातल्या सगळ्या कॅसेटी गेल्या. माळ्यावरच्या १९० मिनी-डीव्ही तेवढ्या वाचल्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं गेल्या वर्षी मनावर घेतलं. तासाभराच्या एका कॅसेटला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे १९० कॅसेटींना अडीच टीबी. म्हणून ४ टीबीची हार्ड डिस्क आणली आणि घरातल्याच जुन्या यूएसबी केसिंगमध्ये बसवली.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम आहे. तिने डिस्क लगेच ओळखली, पण क्षमता दाखवली १.८ टीबी. दुसरा काही विचार न करता मी पार्टिशन, म्हणजे वापरासाठी आखलेला डिस्कचा भाग, केलं आणि तीन कॅसेटी कॉपीही केल्या. मग मात्र चैन पडेना. जिथून डिस्क घेतली तिथे विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, लिनक्सला एवढी मोठी डिस्क झेपत नाही. विंडोज टाकून देतो." हे मला पटलं नाही. जगातले मोठमोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्याला ४ टीबी का झेपू नये?

माझा भाचा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. रविवारी आला आणि म्हणाला, "मावशी, डिस्क लावल्याबरोबर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय म्हणतो ते आधी बघू." केसिंग काढून परत लावलं आणि टर्मिनलवर कर्नलच्या नोंदी दाखवणारी 'सुडो डीमेसेज' ही कमांड चालवली. एक ओळ आली: ५१२ बाइटचे ३५१९०६९८७२ ब्लॉक. या ब्लॉकनाच सेक्टर म्हणतात. त्याने डिस्क बाहेर काढून तिचं लेबल वाचलं. तिथे सेक्टरची संख्या छापलेली होती: ७८१४०३७१६८. वहीच्या मागच्या पानावर त्याने मोठ्या संख्येतून लहान वजा केली. उरले ४२९४९६७२९६. "हा आकडा म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, मावशी!" शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत. मी ती वजाबाकी स्वतः पुन्हा करून पाहिली.

म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता आणि डिस्कचाही नव्हता. जुन्या केसिंगमधली चिप सेक्टरचा हिशोब ३२ बिटांत ठेवत होती. लाइटचं जुनं चक्राचं मीटर ९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं, तसं तिचं २.२ टीबीनंतर होत होतं. उरलेला १.८ टीबीचा आकडा तेवढा ती कॉम्प्युटरला सांगायची, आणि लिनक्स बिचारं जे कानावर पडेल तेच दाखवणार. अशा केसिंगवर कोणतीही सॉफ्टवेअरची युक्ती चालवायला जाऊ नका. क्षमता चुकीची दिसतेय तोवर त्या डिस्कवर काही लिहूच नये.

मोठ्या डिस्क चालतात अशी खात्री करून नवीन केसिंग घेतलं. आता डीमेसेजमध्ये ४.०० टीबी आले. शेजारीच ३.६४ टीआयबी असंही दिसतं, त्याने दचकू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, दुसरा आकडा १०२४ च्या पटीत असतो, डिस्क तीच.

पार्टिशन मात्र १.८ वरच अडलेलं. जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये ते वाढवायला गेले तर दोन टीआयबीच्या पुढे सरकेना. कारण मी पहिल्या दिवशी पार्टिशनची नोंद ठेवणारा एमबीआर प्रकारचा तक्ता निवडला होता. ही १९८३ सालची डॉसच्या काळातली पद्धत, तिच्यातही सेक्टरचा आकडा ३२ बिटांचाच. तिच्याऐवजी जीपीटी तक्ता करावा लागतो, आणि तो नव्याने केला की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. तीन कॅसेटींची कॉपी गेली. मूळ कॅसेटी हाताशी होत्या म्हणून बरं. जीपीटी केला, एकच पार्टिशन, लिनक्सचा ईएक्सटी४ फॉरमॅट.

तरी मोकळी जागा ३.४ च दिसत होती! ईएक्सटी४ आपणहून पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं. ४ टीबीत ते जवळजवळ २०० जीबी होतात, म्हणजे माझ्या पंधरा कॅसेटी. सिस्टिमच्या डिस्कवर ही राखीव जागा असू द्यावी, नुसत्या साठवणीच्या डिस्कला तिची गरज नाही. 'ट्यूनटूएफएस' कमांडला उणे-एमपुढे शून्य देऊन ती मोकळी केली. या कमांडने डेटाला धक्का लागत नाही, पण पार्टिशनचं नाव दोनदा तपासूनच एंटर दाबा.

आता रोज रात्री कॅमेऱ्याला फायरवायरची केबल लावून 'डीव्हीग्रॅब' हा कॅसेट उतरवून घेणारा प्रोग्रॅम सुरू करते. एक कॅसेट उतरायला पुरता एक तास लागतो. हे चष्मा लावून लेबलं वाचतात आणि मी फाइलला नाव देते. काल सत्तेचाळिसावी झाली. तिच्यात पडदा उघडायच्या आधीची दोन मिनिटं आहेत, आणि विंगेतून ह्यांचा आवाज येतो, "लाइट द्या."