तुम्ही विचारलंत म्हणून: तुर्कीतला तो 'श' आला कुठून?

तुर्की सीरियल बघणारे बरेच जण विचारतात की निरोप घेताना ते 'ग्योरुशुरुझ' म्हणतात, म्हणजे 'भेटू', त्यात 'ग्योर' म्हणजे बघणं हे कळलं पण मधला 'श' कसला आणि तो मुळात आला कुठून.

तर हा श क्रियापदाला लागला की 'एकमेकांना' असा अर्थ येतो. वुरमाक म्हणजे मारणं, वुरुश्माक म्हणजे मारामारी करणं. पण नुसतं 'एकमेकांना' धरून बसलं की पुढे गाडी अडते, कारण काचमाक म्हणजे पळणं आणि काचिश्माक म्हणजे सगळ्यांनी वाट फुटेल तिकडे पळणं, आपली पळापळ, आता तिथे कोण कोणाला पळतंय? तुर्कीच्याच कुळातल्या किरगीझ भाषेत तर केल्दी म्हणजे तो आला आणि केलिश्ती म्हणजे ते आले, उरलं फक्त अनेकवचन.

मला सगळ्यात भारी वाटतो महमूद काश्गरीचा पुरावा. 1070च्या दशकात बगदादमध्ये या माणसाने तुर्की शब्दांचा कोश अरबीत लिहिला, त्यात ही श वाली क्रियापदं ढिगाने आहेत आणि अर्थ देताना तो पुन्हा पुन्हा सांगतो की याने त्याला अमुक काम करायला मदत केली, किंवा दोघांनी त्यात चुरस लावली. मदत आणि चुरस! दोन्हीत कॉमन काय, तर दुसऱ्याच्या जोडीने करणं. म्हणून माझं मत असं की 'जोडीने' हाच जुना अर्थ, आणि दोघंच जण मारतायत, तिसरा कोणी नाही, तर मार एकमेकांनाच बसणार ना, तिथून 'एकमेकांना' आलं.

त्याच्या मागे जायचं तर लेखी पुरावा फार नाही. मंगोलियात ओर्खोन खोऱ्यातल्या 732 सालच्या, क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या शिलालेखात सुंगुश म्हणजे लढणं आहे, सुंगु म्हणजे भाला, म्हणजे श तेव्हाच तयार होता.

खरी गंमत चुवाश भाषेत आहे, ही रशियात बोलली जाणारी, याच कुळातली भाषा. कुळातल्या बाकी भाषांत जिथे श तिथे चुवाशमध्ये बऱ्याचदा ल येतो, दगड म्हणजे ताश तर तिकडे चुल. मग हा प्रत्ययही ल व्हायला हवा होता, पण पाल्ला म्हणजे ओळखणं आणि पाल्लाश म्हणजे ओळख करून घेणं, श तसाच! एकतर तो शेजारच्या, याच कुळातल्या तातार भाषेतून आला असेल, नाहीतर मुळात नुसता श नसून 'ल्च' असं जोडाक्षर असेल आणि त्याचा चुवाशमध्येही श झाला असेल. मंगोलियनमध्ये 'सोबत' या अर्थाचा 'लचा' प्रत्यय आहेच, त्यामुळे मला ल्च वाली बाजू जास्त पटते. पण तेवढ्यावरून तुर्की आणि मंगोलियन सख्ख्या बहिणी ठरवू नका, शेकडो वर्षं शेजारी राहिलेल्या भाषा एकमेकींकडून बरंच काही उचलतात.