गट क्रमांक नसलेला अर्ज

काही वर्षांपूर्वी मार्चच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील आमच्या गावावर वीस मिनिटे गारपीट झाली आणि काकांची दोन एकरांची द्राक्षबाग, जिची काढणी जेमतेम आठवड्यावर आली होती, पार झोडपून निघाली. पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात येऊन गेले. पण नेमके त्या दिवशी काका काकूंना दवाखान्यात दाखवायला शहरात गेले होते आणि यादीत त्यांचा गट राहून गेला. आता पंचनामा व्हावा म्हणून अर्ज देणे भाग होते. “तू पुण्यात लिहिण्याचेच काम करतोस ना, मग तूच लिहून दे,” असे काका म्हणाले. मी तेव्हा बारा वर्षे मुद्रितशोधन आणि संपादन करीत होतो. त्यामुळे एक साधा अर्ज आपल्याला अवघड जाईल, अशी शंकाही मनात आली नाही.

मी दीड पान लिहिले. गोठ्याच्या पत्र्यावर पहिल्या गारा वाजू लागल्या तेव्हापासून सुरुवात करून, काका डोक्यावर घमेले धरून बागेकडे कसे धावले, मांडवाखाली फुटलेल्या मण्यांचा चिखल कसा झाला, सोसायटीचे कर्ज कसे अजून फिटायचे आहे, हे सारे त्यात आले. काकूंना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तालुक्याच्या कार्यालयातील कारकुनाने मात्र तो अर्ज वरून खालपर्यंत एकदा पाहिला आणि विचारले, “गट नंबर कुठे आहे?” तो नव्हता. बाधित क्षेत्रही नव्हते, आणि गारपिटीची तारीख “त्या मंगळवारी दुपारी” एवढीच होती. कारकून उद्धट नव्हता. त्याच्या टेबलावर तसेच ऐंशी-नव्वद अर्ज पडले होते आणि प्रत्येकातून त्याला चारच गोष्टी एका नोंदवहीत उतरवून घ्यायच्या होत्या. त्या चार गोष्टी सोडून बाकी सर्व मी लिहिले होते.

गद्यलेखनाचे प्रकार आपण शाळेतच शिकतो. कथन, वर्णन, विवेचन आणि युक्तिवाद ही त्यांतली ढोबळ विभागणी. दहावीच्या मराठीत तीच प्रसंगलेखन, आत्मवृत्त, वैचारिक निबंध, पत्रलेखन, बातमी अशा नावांनी भेटते. (फळा, छत्री आणि पडका वाडा यांची आत्मवृत्ते लिहिण्यात आमच्या पिढीने जेवढी शाई घालवली तेवढी स्वतःच्या वीजबिलाची तक्रार लिहिण्यात घालवली असती तर बरे झाले असते, असे मला अधूनमधून वाटते.) या विभागणीत चूक काही नाही, पण ती शिकवताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लेखनाचा प्रकार विषयावरून ठरत नाही. वाचणाऱ्याला वाचून झाल्यावर काय करायचे आहे, त्यावरून तो ठरतो. एकाच गारपिटीची बातमी होते, अर्ज होतो, पंचनामा होतो, निवेदन होते आणि घरच्या माणसाला लिहिलेले पत्रही होते. आणि एकात जो गुण असतो तोच दुसऱ्यात दोष ठरतो. मी अर्जाच्या जागी कथन लिहिले होते, आणि मला वाटते, ते कथन म्हणून वाईटही नव्हते.

मराठी कार्यालयीन पत्रात मायन्याच्या आसपास “विषय” आणि “संदर्भ” अशा दोन ओळी असतात. आम्ही संपादनातली माणसे “वरील विषयास अनुसरून” या शब्दांची टिंगल करतो. पण त्या दिवशी दुसरा अर्ज लिहायला बसलो तेव्हा कळले की “विषय” ही ओळ म्हणजे लेखकाला घातलेली अट आहे: तुला काय हवे ते आधी एका ओळीत सांग, मग पुढचे बोल. “विषय : गट क्र. अमुक मधील ०.८० हेक्टर द्राक्षबागेच्या गारपीट नुकसानीचा पंचनामा करून मिळणेबाबत.” ही ओळ लिहून झाल्यावर खाली लिहिण्यासारखे फार उरतच नाही. तारीख, वेळ, पिकाची अवस्था, पथक आले तेव्हा गैरहजर असण्याचे कारण आणि सोबत जोडलेला सातबारा. सगळा मिळून नऊ ओळींचा अर्ज झाला.

चार दिवसांनी पथक आले आणि पंचनामा लिहिला जात असताना मी शेजारी उभा राहून पाहत होतो. खरे शिकणे तिथे झाले. त्यातली दोन वाक्ये मला अजून आठवतात: “सर्व ओळींतील घडांचे मणी फुटलेले असून पाने फाटलेली आहेत. काड्यांवर पश्चिमेकडील बाजूस गारांचे व्रण दिसतात.” मी पहिल्या अर्जात “बाग रक्तबंबाळ झाली” असे लिहिले होते. दोन्ही वर्णनेच, पण माझ्या वाक्यावर कोणताही पंच सही करू शकला नसता, कारण त्यात डोळ्यांनी पडताळून पाहावे असे काही नव्हते. पंचनाम्यातला “पश्चिमेकडील” हा एक शब्द मात्र बरेच काही सांगून जातो: गारा वाऱ्यासोबत एका दिशेने आल्या, आणि मार त्यांचाच आहे, रोगाचा किंवा फवारणीच्या चुकीचा नाही. “दिसतात” हे क्रियापदही मोजून वापरलेले आहे. लिहिणाऱ्याने पाहिले तेवढेच तो सांगतो. चांगल्या वर्णनासाठी विशेषणांचा साठा लागतो असे मी कित्येक नवोदितांना अप्रत्यक्षपणे शिकवत आलो होतो, आणि इथे शर्टाच्या खिशाला दोन पेने लावलेला एक माणूस मांडीवर फाइल ठेवून एकही शोभेचे विशेषण न वापरता माझ्यापेक्षा सरस वर्णन करीत होता.

अचूकपणाला तिथे किंमतही होती. नैसर्गिक आपत्तीत पिकाच्या नुकसानीची मदत मिळण्यासाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. “प्रचंड नुकसान” या शब्दांना त्या कागदावर काही अर्थच नाही, आणि टक्केवारीचा एक आकडा चुकला तर शेतकरी यादीच्या आत किंवा बाहेर होतो.

त्याच आठवड्यात गावातल्या तरुण मंडळींनी वरिष्ठांना द्यायचे निवेदन माझ्याकडे तपासायला आणले. “बळीराजा जगाचा पोशिंदा आहे” येथून सुरू होऊन ते “तीव्र आंदोलन छेडण्यात येईल” येथे संपत होते आणि मधे युक्तिवाद म्हणावा असे काहीच नव्हते. वास्तविक त्यांच्याजवळ सांगण्यासारखे भक्कम होते. मदत हेक्टरी ठरावीक दराने मिळते, पण द्राक्षाचा खर्च ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू होतो आणि काढणीच्या तोंडावर औषधे, मजुरी, विरळणी असा जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून फुलोऱ्यात झालेले नुकसान आणि काढणीला आठवडा असताना झालेले नुकसान एकाच मापाने मोजू नये. यावर समोरचा विचारील की बागेची अवस्था ठरवायची कोणी आणि कशी. तेव्हा तो विचारण्याआधीच उत्तर द्यायला हवे: छाटणीची तारीख प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ असते आणि औषधांच्या दुकानातली बिले तिला दुजोरा देतात. मुद्दा, त्याचे कारण, संभाव्य आक्षेप आणि त्याचे उत्तर असा क्रम लावल्यावर निवेदन एका पानात मावले. आंदोलनाचे वाक्य मंडळींनी माझ्या विरोधाला न जुमानता ठेवले, आणि ते त्यांचे बरोबरही असेल. निवेदन वाचणारा माणूस ते वाक्य शोधत असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

लेखनप्रकारांच्या चौकटी इतक्या काटेकोर नसतात, हेही खरे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात समाजाचे कान उपटले ते पत्रांच्या रूपात. बाहेरून पत्र आणि आतून युक्तिवाद. पण तिथे रूपाची निवड जाणून केलेली आहे. पत्रात समोर एक माणूस गृहीत असतो, त्यामुळे रागावता येते, प्रश्न विचारता येतो, मधेच थांबून दाखला देता येतो. माझ्या पहिल्या अर्जात अशी निवड नव्हतीच. मला जे लिहायला आवडते ते मी अर्जाच्या कागदावर लिहून टाकले होते.

तो दीड पानी मजकूर मी फाडला नाही. चुलतभाऊ नोकरीसाठी मस्कतला आहे; ते सर्व थोडे बदलून त्याला पत्र म्हणून पाठवले. पत्र्यावरच्या गारा, घमेले, मण्यांचा चिखल, सर्व जसेच्या तसे ठेवले आणि या वेळी तरी मजकूर योग्य वाचकाकडे गेला, असे समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. पत्र वाचल्याचे त्याने सांगितले, क्षणभर काही बोलला नाही, आणि मग विचारले, “ओलांडे (वेलीच्या मुख्य आडव्या फांद्या) शाबूत आहेत का? एप्रिलची छाटणी घेता येईल का?”

ते मी लिहिलेच नव्हते.