आमची वाटचाल : जुने हिशेब नव्या टॅलीत नेताना

1 एप्रिल 2005 रोजी महाराष्ट्रात व्हॅट (मूल्यवर्धित कर) लागू झाला आणि त्याच वर्षी सदाशिव पेठेतील एका खोलीत, दोन संगणकांवर, मी टॅली ही हिशेबाची संगणक प्रणाली बसवून देण्याचा व ती शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. मार्केट यार्डातील गूळ-भुसार विभागाचे आडते आणि भवानी पेठेतील लाकडाचे व्यापारी हे आमचे पहिले ग्राहक. चोपडी सोडून संगणकावर येताना त्यांच्या मनात धाकधूक असे, आणि ती रास्तच होती.

टॅली 7.2 वरून ईआरपी 9 या नव्या आवृत्तीवर जाण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या कामाचे स्वरूप बदलले. जुनी फाइल नव्या आवृत्तीत थेट उघडत नसे. ती वेगळ्या साधनाने रूपांतरित करावी लागे. एका आडत्याची सात वर्षांची फाइल आम्ही अशीच रूपांतरित केली. काम विनाअडथळा पूर्ण झाले, परंतु तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा तक्ता) काढली तेव्हा आरंभीच्या शिलकांत फरक दिसू लागला. त्यांच्या वृद्ध दिवाणजींनी दरवर्षीची छापील खतावणी जपून ठेवली होती. ती समोर घेऊन आम्ही दोन दिवस एकेक खाते ताडून पाहिले, तेव्हा हमाली आणि तोलाईच्या अकरा नोंदी गळाल्याचे आढळले. नोंद करत असतानाच वीज गेल्यामुळे त्या मूळ फाइलीतच खराब झाल्या होत्या. रूपांतरापूर्वी ती फाइल तपासून दुरुस्त न करणे ही आमची चूक होती. दिवाणजी एवढेच म्हणाले, "साहेब, पैशाचासुद्धा फरक राहता कामा नये." मूळ फाइलीची प्रत आम्ही स्वतंत्र ठेवली होती आणि छापील खतावणी हाताशी होती, म्हणूनच त्या नोंदी पुन्हा भरून हिशेब जुळवता आला.

तेव्हापासून मूळ फाइलीला आम्ही हात लावत नाही. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो, जुन्या आवृत्तीतच तेरीज, येणी-देणी आणि मालसाठा छापून घेतो, आणि रूपांतरानंतर तेच कागद पुढ्यात ठेवून रुपये-पैशांपर्यंत मेळ घालतो. यात वेळ जातो व ग्राहक घाई करतात, तरीही ही पायरी आम्ही गाळत नाही.

जीएसटी आला तेव्हा, 2017 मध्ये, ग्राहक-पुरवठादारांचे जीएसटी क्रमांक आणि करदर भरण्याचे काम वाढले. 2020 मध्ये टॅली प्राइम आली, तिच्या 3.0 आवृत्तीपासून फाइल पुन्हा रूपांतरित करावी लागते, आणि एकदा ती नव्या रूपात गेली की जुन्या आवृत्तीत उघडत नाही. 7.2 च्या फाइली आजही कपाटांतून निघतात. त्या आधी ईआरपी 9 मध्ये आणि मग प्राइममध्ये न्याव्या लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने, तर कंपन्यांची हिशेबपुस्तके आठ वर्षे जपावी लागतात. पण थकबाकीचा किंवा भागीदारीचा वाद निघाला की त्याहून जुनी पानेही मागितली जातात.

त्यासाठी कार्यालयात एक जुना संगणक आम्ही चालू ठेवला आहे. त्यावर 7.2 अजून उघडते, आणि दर महिन्याला तो सुरू करून पाहण्याचे काम मी स्वतःकडेच ठेवले आहे.