डेडलिफ्टचा रॉड सुटायचा ते तालमीतला नाल उचलला : पकडीचा माझा अनुभव

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा रॉड धरून सरळ उभं राहायच्या व्यायामाला, पाय तयार, पाठ तयार, आणि तरी रॉड गुडघ्याच्या वर आला की बोटं उघडायला लागतात, असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं १४० किलोला नेमकं हेच व्हायचं. जिममधला रॉड जुना, नर्लिंग, म्हणजे पकडीसाठीची खरखरीत नक्षी, घासून गुळगुळीत झालेलं, त्यात जळगावचा मे महिना म्हणजे ४४-४५ डिग्री, पंखा नुसती गरम हवा फेकतो, तळहात ओले आणि फरशी पांढरी होते म्हणून चॉक, म्हणजे हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड, लावायला मनाई. सगळे म्हणायचे स्ट्रॅप, म्हणजे मनगटातून रॉडला गुंडाळायचा पट्टा, घे आणि मोकळा हो. स्ट्रॅप वाईट नाहीत, मी आजही वापरतो, पण मला पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा खेळायची होती आणि तिथे स्ट्रॅप चालत नाहीत.

दुसरं कारण म्हणजे आमच्या गावच्या तालमीतला नाल. गाव अमळनेर तालुक्यात आहे, मारुतीच्या देवळाला लागून जुनी तालीम, आता तिथे पोरं कमी येतात पण कुस्तीच्या मातीचा हौद आहे, फिरवायच्या मुदगलांची जोडी आहे, आणि कोपऱ्यात तो नाल पडलेला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गोल दगड असतो, मधे कोरून पोकळी केलेली आणि त्या पोकळीत आडवा दगडाचाच दांडा ठेवलेला, तोच धरायचा, एका हाताने. दांडा इतका जाड की अंगठा बोटांना जाऊन भेटत नाही. आजोबांच्या पिढीत तो उचलणारे होते, नंतर कोणी नाही. आमच्या खान्देशात ताकदीचं कौतुक मोठं आहे, यात्रेत भगत बारागाड्या, म्हणजे एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या, ओढतो तेव्हा आख्खं गाव रस्त्यावर असतं, आणि चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा आमच्या तालमीतही पोरं परत दिसायला लागली होती. तर त्या गावात तो दगड नुसता पडून राहतो हे मला खरंच सहन होत नव्हतं.

तालमीत आप्पा आहेत, वस्ताद. त्यांनी माझा हात हातात घेतला, दंड बघितलाच नाही, मनगट दाबलं आणि म्हणाले, "जोर दंडमा नही भाऊ, मनगटमा शे." डॉक्टरी भाषेतही जवळपास तेच आहे. बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली फोरआर्ममध्ये असतात आणि तिथून लांब टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. म्हणून पकड वाढवायची तर फोरआर्मचा स्नायूही वाढवावा लागतो आणि ती टेंडनही तयार करावी लागते, आणि टेंडन सावकाश तयार होते. स्नायू काही आठवड्यांत जोर दाखवतो, टेंडनला महिने लागतात. हे डोक्यात पक्कं बसलं की घाई आपोआप कमी होते.

आता मुख्य गोष्ट. पकड ही एक नाही. मुठीत दाबून चिरडायची ताकद वेगळी, लटकणारं वजन धरून ठेवायची वेगळी, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायची वेगळी, आणि जाड वस्तू अर्धवट उघड्या हाताने धरायची अजून वेगळी. डेडलिफ्टला दुसरी लागते, नालाला शेवटची. दुकानात मिळणारं ते स्प्रिंगचं ग्रिपर दाबत बसलं तर पहिली वाढते. ग्रिपरबद्दल मला आदर आहे, अमेरिकेतल्या आयर्नमाइंडच्या कॅप्टन्स ऑफ क्रश ग्रिपरचे नंबर जगभर मानतात, नंबर १ ला १४० पाउंड, २ ला १९५, ३ ला २८० आणि ४ ला ३६५ पाउंड असं रेटिंग आहे, नंबर ४ पहिल्यांदा जो किनी नावाच्या माणसाने १९९८ मध्ये बंद केला. पण आपल्याकडे बाजारात प्लास्टिकच्या ग्रिपरवर ६० किलो छापलेलं असतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि ग्रिपर बंद झाला म्हणजे रॉड सुटणार नाही असं अजिबात नाही.

मी सुरुवात धरून ठेवण्यापासून केली. डेडलिफ्ट झाली की वजन कमी करायचं, दोन्ही तळवे आपल्याकडे, म्हणजे डबल ओव्हरहँड, रॉड रॅकवर मांडीच्या उंचीला ठेवायचा, उचलायचा आणि नुसतं उभं राहायचं. २० सेकंद नीट टिकलं की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. दिसायला काहीच नाही, जिममधल्या पोरांना वाटायचं हा दमून उभा आहे, पण माझ्या डेडलिफ्टला सगळ्यात जास्त फायदा याच एका गोष्टीने झाला. रॉड धरायची जागाही बदलली. तळहाताच्या मधोमध धरला की वजन आल्यावर तो घसरत बोटांकडे येतो आणि मधली कातडी दुमडून चिमटते, त्यातूनच घट्टे फाटतात. बोटं जिथे सुरू होतात त्या रेषेवर आधीच धरला तर घसरायला जागाच राहत नाही. घट्टे मात्र पडणारच, आंघोळीच्या वेळी वजरीने घासून सपाट ठेवायचे आणि रात्री खोबरेल लावायचं, उंच वाढू दिले की एक दिवस मुळासकट निघतात आणि मग आठवडाभर रॉडला हात लावता येत नाही.

जड वजनाला मी हुक ग्रिप शिकलो. अंगठा रॉडला आडवा गुंडाळायचा आणि त्याच्यावर पहिलं आणि मधलं बोट दाबायचं, म्हणजे बोटं अंगठ्याला कुलूप घालतात. सुरुवातीला दुखतं, चांगलंच दुखतं, डोळ्यात पाणी येतं, मग अंगठा सरावतो. एक तळवा पुढे एक मागे असं मिक्स ग्रिपही सोपं आहे आणि खूप लोक करतात, पण तळवा पुढे असलेल्या हाताचा कोपर जरा जरी वाकला तर बायसेपची टेंडन तुटायचा धोका असतो, म्हणून माझं मत हुक ग्रिपकडेच. चॉकचं म्हणाल तर तो मॅग्नेशियम कार्बोनेट असतो, टाल्कम पावडर नाही, पावडरने उलट हात घसरतो. जिमवाल्यांना लिक्विड चॉक दाखवला, हातावर चोळला की वाळतो आणि फरशीवर पडत नाही, त्याला ते हो म्हणाले. मे महिन्यात त्याशिवाय जमतच नाही.

बाकीचं सगळं सामान गावातच मिळालं. फार्मर्स वॉकसाठी वेल्डिंगवाल्याकडून दोन हँडल करून घेतली, एक इंची जीआय पाईप, तो बाहेरून साधारण ३३ एमएम भरतो, खाली प्लेट अडकवायला दांड्या. तालमीपासून शेताच्या वाटेने दोन्ही हातात घेऊन चालायचं, पावलं छोटी, खांदे मागे, मान सरळ. वाटेत म्हाताऱ्या बायका विचारायच्या, "काय रे भाऊ, पाणी भरी ऱ्हायना का?" आणि मी श्वास वाचवण्यासाठी नुसती मान हलवायचो. चालताना वजन झुलतं आणि प्रत्येक पावलाला पकड सुटू बघते, म्हणून उभं राहून धरण्यापेक्षा हे अवघड.

यात मला खरं शिकवलं ते मार्केट यार्डातल्या एका हमालदादांनी. ५० किलोचं पोतं ते कान धरून उचलतात, दिवसभर. त्यांनी माझी मूठ बघितली आणि सांगितलं की तू पहिल्या दोन बोटांवर सगळं टाकतोस, करंगळी ढिली सोडली की पोतं गेलंच समज. त्या दिवसापासून मी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी आवळायला लागलो, मग बाकीची, आणि रॉड मुठीत फिरायचा तो फिरायचा थांबला. पुस्तकं, व्हिडिओ सगळं बघितलं होतं पण हे असं हात धरून कोणी सांगितलं नव्हतं.

चिमटीसाठी दोन प्लेट गुळगुळीत बाजू बाहेर करून एकत्र धरायच्या आणि उचलायच्या. आधी ५-५ किलोच्या, मग हळूहळू पुढे, दोन १०-१० च्या एका हाताने आल्या की चांगली पकड झाली असं समजा. अंगठा बहुतेकांचा कच्चा असतो कारण रोजच्या व्यायामात त्याला स्वतंत्र काम मिळतच नाही.

आणि आता नालाचं. जाड दांड्याचा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच आहे. इंग्लंडच्या थॉमस इंचचं डंबेल प्रसिद्ध आहे, वजन १७२ पाउंड म्हणजे ७८ किलो, डेडलिफ्ट करणाऱ्याला हे काहीच नाही, पण दांडा साधारण ६० एमएम जाड, त्यामुळे ते हातातून गोल फिरून निसटतं आणि भले भले पैलवान त्याला जमिनीवरून हलवू शकत नाहीत. स्कॉटलंडमध्ये डिनी स्टोन्स आहेत, लोखंडी कड्या बसवलेले दोन दगड, एक १८८ किलोचा दुसरा १४४ किलोचा, डोनाल्ड डिनीने ते १८६० मध्ये पुलावरून उचलून नेले असं सांगतात, आणि आजही माणसं मुद्दाम तिथे जाऊन ते उचलतात. आपला नाल याच जातीचा आहे, फक्त त्याची कोणी नोंद ठेवली नाही.

जाड हँडलसाठी बाहेरून काही मागवायची गरज पडली नाही. ज्याच्या शेतात ड्रिप आहे त्याच्या खळ्यात पीव्हीसी पाईपचे तुकडे पडलेलेच असतात. ५० एमएमचा, सहा किलो प्रेशरवाला तुकडा घेतला, पातळ भिंतीचा घेऊ नका, वजनाखाली तडकतो, त्यात लोखंडी दांडी घातली, दोन्ही टोकांना साखळी, साखळीला प्लेटा. पाईप दांडीवर मोकळा फिरतो आणि हेच हवं असतं, कारण आता घर्षणाच्या जोरावर लबाडी करता येत नाही, बोटांनाच धरावं लागतं. एका हाताने उचलायचं, सरळ उभं राहायचं, सावकाश खाली. आठवड्यातून दोनदाच, आणि तेही पाठीच्या व्यायामाच्या दिवशी शेवटी, म्हणजे मधे हाताला पूर्ण दिवस विश्रांती मिळते.

मधे कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. पकडीचं काम वाढलं की हे बऱ्याच जणांना होतं, कारण आवळणारे स्नायू वाढत जातात आणि बोटं उघडणारे मागे राहतात. फिजिओ मॅडमनी वजन निम्मं करायला सांगितलं, पूर्ण बंद नाही, आणि उलट्या बाजूचं काम दिलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पाचही बोटांभोवती घालायच्या आणि बोटं उघडायची, भरपूर वेळा. दुसरं बादलीत हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची, मनगट फिरवायचं. लोक तांदूळ घेतात, मी ज्वारी घेणार होतो पण आईने धान्यात हात मारू दिला नाही आणि तिचं बरोबरच होतं, मग बोरी नदीची वाळू चाळून घेतली. दुखणं हळूहळू गेलं आणि ट्यूबची पट्टी आजही माझ्या खिशात असते.

त्याच मॅडमकडे डायनॅमोमीटर होता, हाताने दाबलं की किलोत आकडा येतो. वडील माझ्यासोबत आले होते, ते नेहमी म्हणायचे बोटं दाबून काय मिळतं. मॅडमनी त्यांना सांगितलं की २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात भारतातलेही लोक होते, आणि पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला. पकडीमुळे माणूस जगतो असं नाही, पकड ही आख्ख्या शरीराच्या ताकदीची खूण आहे, हेही मॅडमनी लगेच सांगितलं. वडिलांनी मशीन दाबलं, आकडा बघितला आणि तेव्हापासून रोज सकाळी ओला टॉवेल पिळायला घेतात, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मला याचा फार आनंद आहे.

नाल उचलला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी. आप्पांनी दांड्यावर हौदातली माती चोळायला लावली. पाय दोन्हीकडे, नाल मधोमध, करंगळी आधी, मग बाकीची बोटं, अंगठा दांड्यावर आडवा दाबून. झटका द्यायचा नाही, झटक्याने जाड वस्तू सुटतेच, हात ताणून ठेवायचा आणि पायांनी जमीन ढकलायची. नाल वर आला, मी सरळ उभा राहिलो, आप्पांनी पाच अंक मोजले आणि खाली ठेवायला सांगितलं. मग त्यांनीच पोरांकडून तो कापसाच्या काट्यावर नेऊन ठेवला. ६८ किलो. त्या दगडाचं वजन गावाला पहिल्यांदा कळलं. डेडलिफ्टला तोवर १७५ किलो हुक ग्रिपने येत होते, पण खरं सांगतो, त्या १७५ पेक्षा हे ६८ मोठे आहेत.

आता डाव्या हाताचं काम चालू आहे, तो उजव्याच्या बराच मागे आहे, आणि पाईप ५० वरून ६३ एमएमवर नेलाय. तालमीत तीन-चार पोरं संध्याकाळी माझ्याबरोबर हँडल घेऊन चालतात. पारोळा, एरंडोल, चोपड्याकडे कुणाच्या तालमीत जुना नाल पडलेला असेल तर आधी काट्यावर ठेवा, वजन लिहून ठेवा आणि मला सांगा, उचलायला येतो.