दोन हजार मीटरवरच्या गावाची शिरगणती

सँ-व्हेराँ हे फ्रेंच आल्प्समधलं, केरा खोऱ्यातलं गाव. उंची सुमारे 2,040 मीटर, पलीकडे इटली. जुन्या घरांत खाली दगडी बांधकामात माणसं आणि गुरं एकत्र राहायची, वर लार्चच्या ओंडक्यांचं गवताचं कोठार. आगीच्या धास्तीने आळ्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली. कायमची वस्ती दोनशे-अडीचशेची.

फ्रान्समध्ये 10 हजारांखालच्या वस्तीच्या प्रत्येक कम्यूनमध्ये (म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावात किंवा शहरात) शिरगणती दर 5 वर्षांनी, घरोघर होते. सुरुवात जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी, मुदत चार आठवडे. नेमका स्कीइंगचा हंगाम! गाव भरलेलं असतं, पण पाहुण्यांना मोजायचं नसतं. म्हणून गणकाचं खरं काम माणसं मोजण्याआधी घरं ओळखण्याचं: कुठलं कायम राहतं, कुठलं सुट्टीपुरतं, कुठलं रिकामं. नियम असा की वर्षातला बहुतेक काळ जिथे राहता तिथली तुमची नोंद. शहरात शिकायला गेलेला सज्ञान मुलगा शहरात मोजला जातो. आईवडील सवयीने त्याचं नाव घरच्या अर्जात घालतात, तिथे चूक होते.

घराचा एक अर्ज आणि माणशी एक, बहुतेक जण ऑनलाइन भरतात. नागरिकत्व कुठलंही असो, तिथे राहणाऱ्याने उत्तर देणं कायद्याने सक्तीचं आहे. नोकरीसाठी अशा गावात राहणाऱ्या मराठी माणसाने बिचकू नये: ही माहिती व्हिसा किंवा कर तपासायला वापरली जात नाही.

एवढ्याशा गावात दहा माणसांचा फरकही जाणवतो. गावाच्या निवडून आलेल्या परिषदेत किती सदस्य, हे लोकसंख्येवर ठरतं: 100 च्या खाली 7 सदस्य, 100 ते 499 ला 11. (महाराष्ट्रात दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीलाही 7 च असतात, मला फ्रेंचांची ही उदारता फार मोलाची वाटते.) सदस्य आपल्यातून मेअर निवडतात. सरकारी अनुदानाचा हिशेब मात्र वेगळा आहे: त्यात सुट्टीच्या प्रत्येक घरामागे एक माणूस जास्तीचा धरतात. रस्त्यावरचा बर्फ आणि पाण्याच्या वाहिन्या सांभाळायच्या त्या भरल्या गावासाठी, त्यामुळे हे रास्तच आहे.

आकडे वाचताना वर्ष बघा. 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेली लोकसंख्या 2021 ची आहे. शिवाय ‘म्युनिसिपल’ आणि ‘एकूण’ असे दोन आकडे असतात. शिकायला बाहेर गेलेली मुलं दुसऱ्यात धरलेली असतात, म्हणून दोन गावांची तुलना करताना पहिलाच घ्यावा.